एका चेहऱ्यासमोर 37 वर्षं

राजाच्या पदरी असलेल्या चित्रकाराबद्दल आपल्या मनात एक ठरावीक समज असतो. धन्याला आवडेल असं काढायचं, नाक जरा सरळ करायचं, छाती जरा रुंद दाखवायची आणि बिदागी घेऊन मुजरा करत मागे सरायचं. असे चित्रकार जगात पुष्कळ होऊन गेले. दिएगो वेलास्केझ 1623 पासून 1660 पर्यंत स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या नोकरीत होता आणि नोकरीत असतानाच वारला. त्या एका राजाचा चेहरा त्याने मिसरूड फुटण्याच्या वयापासून डोळ्यांखाली पिशव्या येईपर्यंत पुन्हा पुन्हा रंगवला. एवढं करूनही माणसाकडे त्याच्याइतकं सरळ पाहणारा दुसरा चित्रकार युरोपच्या इतिहासात शोधावा लागतो. चाकरी आणि खरेपणा एकाच माणसात कसे नांदले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी त्या राजाची ओळख करून घेतली पाहिजे. 31 मार्च 1621 रोजी फिलिप गादीवर आला तेव्हा त्याला सोळा वर्षं पुरी व्हायला आठवडा बाकी होता. राज्य अफाट होतं : स्पेन, नेपल्स, मिलान, नेदरलँड्सचा दक्षिण भाग, मेक्सिको, पेरू, फिलिपिन्स. 1580 पासून पोर्तुगालचा मुकुटही याच घराण्याकडे आला होता. त्यामुळे 1640 मध्ये पोर्तुगाल फुटून निघेपर्यंत गोवा, वसई, चौल आणि दमण इथला कारभार स्पेनच्या राजाच्या नावाने चालत असे. वेलास्केझने रंगवलेला तो लांबट, फिकट, पुढे आलेल्या जबड्याचा चेहरा जवळजवळ वीस वर्षं आपल्या किनारपट्टीवरच्या काही ठाण्यांच्या राजाचाही चेहरा होता. राज्य एवढं मोठं, पण खजिन्यात खडखडाट. युद्धं संपत नव्हती आणि सावकारांची देणी फिटत नव्हती. ज्या काळात सत्ता आतून पोकळ होत गेली त्याच काळात तिची सर्वांत उत्तम चित्रं तयार झाली, हे लक्षात ठेवून पुढची पानं वाचावीत.

वेलास्केझचा जन्म सेव्हिलचा. 6 जून 1599 रोजी त्याचा तिथे बाप्तिस्मा झाला. वडिलांचं घराणं मूळचं पोर्तुगीज. ज्या नावाने जग त्याला ओळखतं ते आडनाव आईचं. सेव्हिल तेव्हा अमेरिकेच्या व्यापाराचं बंदर होतं. चांदीने भरलेली गलबतं, व्यापारी, खलाशी, मठ, भिकारी आणि गुलाम अशी सगळी गर्दी त्या एका शहरात होती. अकराव्या-बाराव्या वर्षी हा मुलगा फ्रान्सिस्को पाचेकोकडे शिकायला लागला. पाचेको चित्रकार म्हणून बेताचा, पण शिक्षक म्हणून फार मोठा. त्याच्या घरी कवी, पंडित, धर्मशास्त्री यांची ऊठबस असे. शिष्याचा हात आपल्यापेक्षा वरचढ आहे हे त्याने वेळेवर ओळखलं आणि मनापासून मान्य केलं. 1617 मध्ये वेलास्केझ चित्रकारांच्या संघाची परीक्षा उतरला आणि पुढच्याच वर्षी पाचेकोने आपली मुलगी हुआना त्याला दिली.

त्याच 1618 सालचं अंडी तळणाऱ्या म्हातारीचं चित्र आज एडिनबर्गला आहे. काढणारा एकोणीस वर्षांचा. शेगडीवर मातीचं भांडं, त्यात तेल, तेलात दोन अंडी. अंड्याचा पांढरा भाग पारदर्शक असतो तो आळताना पांढरा होत जातो. तो होत असतानाचा क्षण इथे पकडला आहे. पांढऱ्या ताटलीवर आडवी सुरी आहे आणि तिची सावली ताटलीच्या खोलगटपणाप्रमाणे वाकली आहे. बाजूला पितळेचा खल-बत्ता, लाल कांदा, सुक्या मिरच्या. म्हातारीच्या हातात लाकडी डाव आहे आणि तिची नजर कुठे तरी दूर लागली आहे. प्रत्येक वस्तूला तिचं तिचं वजन, तिचा तिचा पोत. चूल, भांडी आणि गरिबाघरची माणसं हा विषय त्या काळी हलका मानला जाई. वेलास्केझने मात्र देवादिकांच्या चित्राला लावावी तेवढी एकाग्रता या स्वयंपाकाला लावली. राजवाड्यात जाण्यापूर्वीच त्याची नजर घडलेली होती, आणि हीच नजर घेऊन तो राजासमोर उभा राहिला.

1622 मध्ये तो पहिल्यांदा माद्रिदला गेला, पण राजाचं चित्र काढायची संधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी राजाचा सर्वेसर्वा मंत्री ओलिवारेस याच्याकडून बोलावणं आलं. ओलिवारेसचे संबंध सेव्हिलशी होते आणि दरबारात सेव्हिलकरांचं वजन होतं. ऑगस्टमध्ये राजाचं चित्र झालं, ते पसंत पडलं आणि 6 ऑक्टोबर 1623 रोजी महिना 20 डुकाट पगारावर राजाचा चित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली. तेव्हा चित्रकार 24 वर्षांचा होता आणि राजा 18.

त्या सुरुवातीच्या चित्रांत मुकुट नाही, राजदंड नाही, दागिन्यांची आरास नाही. काळा पोशाख, हातात कागद आणि गळ्याशी साधी ताठ पट्टी, जिला स्पॅनिशमध्ये ‘गोलिया’ म्हणत. 1623 मध्येच काटकसरीचे कायदे करून राजाने मोठ्या चुणीदार गळपट्ट्यांवर बंदी घातली होती आणि स्वतः हा साधा पोशाख पत्करला होता. कागद म्हणजे रयतेचा अर्ज; राजा काम करतो आहे. बाकी दिखाऊ सगळं गाळून टाकल्यावर पाहणाऱ्याला दोनच गोष्टी उरतात, चेहरा आणि हात. वेलास्केझला नेमक्या त्याच हव्या होत्या.

राजाच्या चित्रकाराला दरबारात किती मान होता हे कळायला पगारपत्रक पाहावं. 1628 मध्ये त्याला रोजचा 12 रेआल भत्ता मंजूर झाला. राजाच्या न्हाव्यांना तेवढाच मिळे. 1627 मध्ये दरबारी चित्रकारांची स्पर्धा झाली. ती त्याने जिंकली आणि बक्षीस म्हणून दालनाच्या हुजऱ्याचं पद मिळालं. पुढे पोशाखखान्यातला मदतनीस, मग शयनगृहातला सेवक आणि 1652 मध्ये राजवाड्याचा मुख्य व्यवस्थापक अशा पायऱ्या तो चढत गेला. या शेवटच्या पदाला अधिकार मोठा आणि खटाटोप त्याहून मोठा. खोल्यांच्या किल्ल्या, सामानसुमान, झाडलोट, जळाऊ लाकूड, राजा प्रवासाला निघाला की मुक्कामाची सोय, हे सगळं त्याच्या अंगावर असे. चाळीस वर्षांहून अधिक काळात त्याच्या हातची म्हणून आज ओळखली जाणारी चित्रं सव्वाशेच्या आसपास भरतात. चित्रं एवढी कमी का, याचं बरंचसं उत्तर या कामांच्या यादीत आहे.

म्हणून नोकरीने त्याचं नुकसानच केलं असं म्हणावं का? मला तसं वाटत नाही, आणि या पुस्तकातलं माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. पगारदार असल्यामुळे त्याला गिऱ्हाइकाची मर्जी राखावी लागली नाही. इतर स्पॅनिश चित्रकारांचं पोट मठ आणि चर्च यांच्या मागणीवर चाले. किती संत, कोणत्या रंगात, किती मुदतीत, हे करारात लिहिलेलं असे. वेलास्केझला धनी एकच, आणि तो धनी चित्रांचा खरा जाणकार. फिलिप स्वतः चित्रकला शिकला होता आणि त्याच्या वाड्यात व्हेनिसचा चित्रकार टिशियन याची चित्रं भिंतींवर होती. ती रोज पाहायला मिळणं हेच वेलास्केझचं दुसरं विद्यापीठ ठरलं. 1628 मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स माद्रिदला आला, तोही त्याच टिशियनच्या नकला करत बसे. 1629 च्या ऑगस्टमध्ये राजाच्या परवानगीने वेलास्केझ इटलीला निघाला आणि 1631 च्या सुरुवातीला परतला. परत आल्यावर त्याचा कुंचला मोकळा झाला होता.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत राजाचं तपकिरी पोशाखातलं उभं चित्र आहे, ते या परतीनंतरचं. दुरून पाहिलं तर पोशाखावर चांदीचं भरतकाम लखलखतं, त्यातला धागा न् धागा दिसतो असा भास होतो. जवळ गेलं की भरतकाम नाहीसं होतं. उरतात पांढऱ्या-करड्या रंगाचे तुटक ठिपके आणि फटकारे, काही जाड, काही ओझरते, कुठलाच आकार पुरा न करणारे. दोन पावलं मागे सरलं की ते ठिपके पुन्हा जरतार होतात. पाहणाऱ्याचा डोळा चित्र पुरं करतो, हे त्याने फ्रान्समधल्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांच्या दोनशे वर्षं आधी ओळखलं होतं. याच चित्रात राजाच्या हातातल्या कागदावर त्याने आपलं नाव घातलं आहे. सही करण्याची त्याला फारशी सवय नव्हती. इथे केली ती अर्जदार म्हणून.

1634-35 मध्ये माद्रिदच्या नव्या बुएन रेतिरो राजवाड्यातल्या मोठ्या दालनासाठी त्याने ‘ब्रेडाची शरणागती’ रंगवलं. 1625 मध्ये स्पॅनिश सेनापती स्पिनोलाने डचांचं ब्रेडा शहर घेतलं, तो प्रसंग. हरलेला सेनापती किल्ली पुढे करून वाकतो आहे आणि जिंकलेला घोड्यावरून उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आहे, जणू त्याला गुडघे टेकू देत नाही. पहिल्या इटलीप्रवासात वेलास्केझ याच स्पिनोलाच्या जहाजातून गेला होता. चित्र होईपर्यंत स्पिनोला वारला होता. 1637 मध्ये डचांनी ब्रेडा परत घेतलं. विजय टिकला नाही, खांद्यावरचा हात मात्र राहिला.

दरबारात राजघराण्याच्या करमणुकीसाठी ठेंगू माणसं आणि विदूषक ठेवलेले असत. वेलास्केझप्रमाणे तेही पगारी नोकरच होते. त्यांची चित्रं काढताना इतर चित्रकार त्यांना बहुधा राजपुत्राच्या शेजारी, उंचीच्या तुलनेसाठी उभं करत. वेलास्केझने त्यांना एकेकट्याने कॅनव्हासवर आणलं. सेबास्तियान दे मोरा जमिनीवर बसला आहे, जोड्यांचे तळवे आपल्याकडे, मुठी आवळलेल्या, आणि तो थेट आपल्या डोळ्यांत पाहतो आहे. त्या नजरेत करमणूक नाही, गयावया नाही. दिएगो दे आसेदोच्या मांडीवर भलामोठा ग्रंथ आहे आणि तो वाचता वाचता थांबला आहे. राजाचं चित्र जितक्या काळजीने, तितक्याच काळजीने हीही चित्रं केलेली आहेत. दया दाखवायची म्हणून त्याने त्यांना सुंदर केलं नाही आणि हसू यावं म्हणून विद्रूपही केलं नाही.

दुसरा इटलीप्रवास 1649 ते 1651 चा. काम राजवाड्यासाठी पुतळे, साचे आणि चित्रं खरेदी करण्याचं. त्याच मुक्कामात 1650 मध्ये त्याने दहावा इनोसंट या पोपचं चित्र रंगवलं. लाल खुर्ची, लाल झगा, घामेजलेला तांबूस चेहरा आणि समोरच्याला जोखणारे संशयी डोळे. त्याआधी त्याने हुआन दे पारेहाचं चित्र केलं आणि 19 मार्च 1650 रोजी ते रोमच्या पँथिऑनमध्ये मांडलं गेलं. पारेहा वेलास्केझचा गुलाम होता. रंग घोटणं, कॅनव्हास ताणणं ही कामं तो करत असे. चित्रात तो सरदाराच्या थाटात उभा आहे, मान वळवलेली, हात छातीशी आणि नजर अशी की पाहणाऱ्यानेच आधी डोळे खाली करावेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वेलास्केझने त्याला मुक्त करण्याचा कागद केला, पण अट घातली की आणखी चार वर्षं चाकरी करायची. पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. त्याचं 1661 चं मोठं चित्र प्रादो संग्रहालयात आहे. या प्रकरणाकडे डोळेझाक करता येत नाही. ज्या हाताने गुलामाला कॅनव्हासवर राजाच्या बरोबरीचा मान दिला त्याच हाताने त्याला आणखी चार वर्षं बांधून ठेवलं. वेलास्केझची चित्रं त्याच्या वागण्यापेक्षा मोठी होती, असंच मला म्हणावं लागतं.

इकडे माद्रिदमध्ये राजाचे दिवस फिरले होते. 1640 मध्ये कातालोनिया आणि पोर्तुगाल दोन्हीकडे बंड उठलं, 1643 मध्ये ओलिवारेसची सत्ता गेली, 1644 मध्ये राणी वारली, 1646 मध्ये सोळा वर्षांचा युवराज बाल्तासार कार्लोस गेला. त्या युवराजासाठी ठरलेली भाची मारियाना हिच्याशी राजाने स्वतःच लग्न केलं. 1653 मध्ये एका पत्रात फिलिपने लिहिलं आहे की नऊ वर्षांत आपण चित्राला बसलो नाही. एक तर वेलास्केझचा संथपणा सोसवत नाही, आणि दुसरं म्हणजे आपण म्हातारे होताना पाहायचं नाही. या चित्रकारासमोर बसलं तर वय लपणार नाही, हे राजाला पक्कं ठाऊक होतं. आपल्या चित्रकाराला त्याने दिलेली याहून मोठी पावती मला माहीत नाही. त्यानंतर राजा पुन्हा बसला, आणि त्या शेवटच्या चित्रांत सैल गाल, जड पापण्या आणि थकलेले डोळे जसे होते तसे आले.

1656 मध्ये ‘लास मेनिनास’ झालं. तीन मीटरहून उंच चित्र. मध्ये पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, तिला लाल मातीच्या भांड्यातून पाणी देणारी मानकरीण, दुसरी मानकरीण, मारिबार्बोला आणि निकोलासितो ही दोन ठेंगू माणसं, झोपाळू कुत्रा, मागे दारात पायरीवर थबकलेला एक अधिकारी. भिंतीवरच्या आरशात राजा-राणीची अंधूक प्रतिमा. आणि डाव्या बाजूला, पाठमोऱ्या प्रचंड कॅनव्हाससमोर, हातात कुंचला घेऊन स्वतः वेलास्केझ. न्हाव्यांइतका भत्ता घेणारा हा माणूस इथे राजकन्येच्या खोलीत ताठ उभा आहे, आणि राजा-राणी आरशातल्या धूसर डागाएवढे आहेत. चित्रात नेमकं काय चाललं आहे यावर गेली साडेतीनशे वर्षं वाद आहे. त्यातली प्रमुख मतं मी एका स्वतंत्र प्रकरणात दिली आहेत. एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे : त्या खोलीतला प्रकाश लहानमोठा पाहून पडत नाही. तो राजकन्येच्या केसांवर पडतो तसाच मारिबार्बोलाच्या कपाळावर पडतो.

त्या चित्रात त्याच्या छातीवर सांतियागो या सरदारांच्या पंथाचा लाल क्रॉस आहे, तो मागाहून रंगवलेला, कारण हा सन्मान त्याला 28 नोव्हेंबर 1659 रोजी मिळाला. तो मिळवताना फार धावपळ झाली. उमेदवार कुलीन आहे, त्याने हाताच्या कामावर पोट भरलेलं नाही, हे सिद्ध करावं लागे. शंभरावर साक्षी झाल्या. झुर्बारान, आलोन्सो कानो अशा चित्रकारांनी सांगितलं की याने कधी दुकान मांडलं नाही, चित्रं विकली नाहीत. हे पूर्ण खरं नव्हतं; सेव्हिलमध्ये त्याने शिकाऊ मुलगा ठेवला होता आणि मोबदला घेऊन चित्रंही केली होती. तरीही कुलीनतेचा पुरावा अपुरा ठरला, आणि अखेर पोपची सूट व राजाचा हुकूम यांनी काम झालं. ज्या कलेने त्याला हे दिवस दाखवले ती आपली उपजीविका नव्हती असं सिद्ध करावं लागणं, ही त्या समाजाची रीत होती.

1660 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या सीमेवर, बिदासोआ नदीतल्या एका बेटावर दोन्ही राजांची भेट ठरली आणि राजकन्या मारिया तेरेसाचं चौदाव्या लुईशी लग्न झालं. मुक्कामाची आणि सजावटीची व्यवस्था वेलास्केझकडे होती. त्या दगदगीतून तो जूनअखेर माद्रिदला परतला, आजारी पडला आणि 6 ऑगस्ट रोजी वारला. थोड्याच दिवसांत हुआनाही गेली. ज्या चर्चमध्ये त्याला पुरलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं गेलं. त्याची कबर आज कुठे आहे हे कुणाला दाखवता येत नाही. 1734 च्या नाताळच्या आदल्या रात्री जुना राजवाडा जळाला आणि शेकडो चित्रं राख झाली. 1627 ची स्पर्धा ज्या चित्राने जिंकली तेही त्यात गेलं. ‘लास मेनिनास’ वाचलं, पण राजकन्येच्या गालाला इजा झाली आणि ती दुरुस्त करावी लागली.

1819 मध्ये प्रादो संग्रहालय सर्वांसाठी उघडलं आणि राजवाड्यातला हा चित्रकार जगाला दिसू लागला. गोयाने त्याआधीच त्याच्या चित्रांवरून धातूच्या पत्र्यावर कोरून छापचित्रं केली होती. 1865 मध्ये फ्रेंच चित्रकार माने माद्रिदला गेला आणि चित्रकारांचा चित्रकार असं त्याचं वर्णन करून परतला. 1957 मध्ये पिकासोने ‘लास मेनिनास’च्या नादाने 58 चित्रांची मालिका केली. वेलास्केझकडून पुढच्यांनी घेतलं ते हेच की रंगाचा फटकारा लपवायचा नाही आणि माणूसही लपवायचा नाही.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने आहे : सेव्हिल, माद्रिदची पहिली वर्षं, दोन इटलीप्रवास, राजवाड्यातली पदं आणि शेवटचं दशक. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकेक चित्र सावकाश पाहिलं आहे. चित्रकलेचं शिक्षण नसलेल्या वाचकाला अडू नये म्हणून तांत्रिक शब्द जिथे आले तिथेच उलगडले आहेत. मराठीत राजे-महाराजांची तैलचित्रं काढणाऱ्या आपल्या चित्रकारांबद्दल लिहिलं-बोललं जातं. ज्या युरोपीय परंपरेचं तंत्र त्यांनी आत्मसात केलं तिच्यातल्या एका श्रेष्ठ चित्रकाराचं समग्र चरित्र आपल्या भाषेत असावं, या तळमळीने हे लिहिलं आहे.

वाचकांना एकच विनंती. चरित्र वाचून झालं की चित्रांची पानं पुन्हा उघडा, आणि राजाच्या चित्राआधी सेबास्तियान दे मोराचं चित्र पाहा. तिथे थोडा वेळ थांबा, मग राजाकडे वळा. दोघांकडे पाहणारा डोळा एकच आहे याची खात्री पटली, तर मला सांगायचं होतं ते तुमच्यापर्यंत पोहोचलं.